चांदीकामाचा हात डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या अवजारांना चालेल का?

पत्र: "आमचं हुपरीत चांदीचं काम आहे. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, गणित घेऊन ६४ टक्के. लहानपणापासून पैंजणाच्या कड्या जोडते, हात स्थिर आहे. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी तिला अवजारांचा ट्रे दाखवला. तेव्हापासून 'मला हीच अवजारं बनवायची' असं म्हणते. याचा कोर्स कुठे असतो? मुलीला हे क्षेत्र बरं का? कर्ज काढून घरीच मशीन टाकलं तर जमेल का?" — एक पालक, हुपरी, जि. कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण कर्जाचा विचार डोक्यात असला की बाकीचं वाचताना लक्ष लागत नाही. मशीन आत्ता घेऊ नका, निदान चार-पाच वर्षं तरी नको. पैसे असले की मशीन मिळतं. सूक्ष्मदर्शकाखाली नळीचं टोक बघून 'हा नग बाद' असं ठामपणे सांगणारं माणूस मात्र मिळत नाही. तुमची मुलगी तसं माणूस होऊ शकेल, असं पत्रावरून वाटतं.

तिने ट्रेमध्ये पाहिलं असेल ते साधारण असं: पापण्या उघड्या ठेवणारा तारेचा स्पेक्युलम, भिंगाच्या आवरणाला गोल छेद घेणारा उट्राटा फोर्सेप्स म्हणजे बारीक चिमटा, कृत्रिम भिंग जागेवर फिरवायला सिन्स्की हुक, बारीक स्प्रिंगची व्हॅनास कात्री, आणि इंजेक्शनच्या सुईसारख्या दिसणाऱ्या पण टोकाला बोथट अशा चार-सहा नळ्या. या नळ्या म्हणजे कॅन्युला. एकीतून डोळ्यात व्हिस्को नावाचं घट्ट जेल सोडतात, दुसरीतून पाण्याची धार मारून भिंग त्याच्या आवरणापासून सुटं करतात, याला हायड्रोडिसेक्शन म्हणतात. सिम्को कॅन्युला दुहेरी असते, एका नळीतून पाणी आत जातं आणि दुसरीतून भिंगाचे मऊ अवशेष बाहेर ओढले जातात.

या नळ्यांची मापं बघा. गेज म्हणजे नळीच्या जाडीचा क्रमांक, आकडा मोठा तशी नळी बारीक. २७ गेजची नळी बाहेरून ०.४१ मिलिमीटर, आतून ०.२१. म्हणजे भिंत जेमतेम ०.१ मिलिमीटरची. २३ गेजची आतून ०.३४. आतला व्यास दीडपटीपेक्षा थोडाच जास्त, पण तेवढ्याच लांबीत तेवढ्याच दाबाने २३ गेजमधून जवळजवळ सातपट पाणी जातं, कारण प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. उलट बाजूने पाहिलं, तर आतला व्यास दहा टक्क्यांनी कमी झाला की प्रवाह एक तृतीयांशाने घटतो. आत राहिलेला एक बर, म्हणजे कापताना कडेला उरलेला धातूचा बारीक काटा, किंवा सुकलेल्या जेलचा पातळ थर तेवढं सहज करतो. आणि ही नळी ज्या पडद्याजवळ फिरते ते भिंगाचं मागचं आवरण मध्यभागी सुमारे ०.००४ मिलिमीटर जाड असतं. टोकाला नखालाही न जाणवणारी कड राहिली, तरी ते फाटू शकतं.

म्हणून कॅन्युलाची पारख बाहेरून होत नाही, आतून होते. तुमच्या घरच्या कामाशी फरक पडतो तो इथेच.

नळी कशी बनते ते सांगतो, म्हणजे तुम्हाला स्वतःलाच ताडून पाहता येईल. बहुधा ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलची बारीक नळी पातळ चाकावर कापतात. कापल्यावर तोंडाला आतून-बाहेरून बर येतो, तो दोन्हीकडून काढायचा. आतला राहून जातो, कारण तो साध्या डोळ्यांना दिसत नाही. हायड्रोडिसेक्शनची नळी टोकाला चपटी करायची असेल, तर आत तार घालून दाबतात, नाहीतर तोंडच मिटतं. वाकवतानाही आत तार हवीच. रिकामी नळी वाकवली की वळणाच्या आतल्या बाजूला चुणी पडते, बाहेरून वळण सुबक दिसतं आणि आत वाट अर्धी बंद झालेली असते. बाजूचं भोक हवं असेल तर ते लेझरने किंवा स्पार्क इरोजनने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी, पाडतात. त्याच्या कडा गुळगुळीत करणं हे तासाभराचं नाही, चिकाटीचं काम आहे. मग नळी हबमध्ये, म्हणजे सिरिंजवर बसणाऱ्या मागच्या तोंडात, बसवायची, आतून-बाहेरून धुवायची, आम्लाच्या द्रावणात पॅसिव्हेशन करायचं, म्हणजे पृष्ठभागावरचे लोखंडाचे कण निघून जातात आणि गंज धरत नाही. शेवटी तपासणी: पाण्याखाली हवा भरून गळती, सिरिंज लावून धार, हब ओढून जोडाची ताकद, आणि सूक्ष्मदर्शकाखाली टोक.

हबच्या आतला उतार ६ टक्क्यांचा असतो, त्याला लुअर टेपर म्हणतात. तो जरा चुकला तरी सिरिंजवर कॅन्युला बसल्यासारखी वाटते, पण जोराने दाबताना सुटते आणि बाणासारखी डोळ्यात आत जाते. अशा अपघातांत दृष्टिपटलाला (रेटिनाला) इजा झाल्याच्या नोंदी नेत्रवैद्यकात आहेत. म्हणूनच आटे असलेला लुअर-लॉक हब वापरावा आणि डोळ्यात नेण्याआधी बाहेर एकदा धार मारून बघावी, असा आग्रह असतो. हब म्हणजे नुसती पकडायची मूठ नव्हे, हे मुलीने पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावं.

आता तुमच्या चांदीकामाबद्दल. तारेची जाण, डाख देताना आच किती द्यायची याची समज, तासन्तास एका जागी बसायची सवय ही खरी पुंजी आहे, ती कुठल्या वर्गात शिकवून येत नाही. पण तीन सवयी सोडाव्या लागतील.

पहिली चकाकीची. पैंजणाचं मोल उजाळ्यावर ठरतं. इथे शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाच्या प्रखर दिव्याखाली होते आणि आरशासारखा चकाकणारा चिमटा डॉक्टरांच्या डोळ्यावर तिरीप मारतो. म्हणून अवजाराची दांडी मुद्दाम मंद, सॅटिन फिनिशची ठेवतात. आवरणाला लागणारं टोक तेवढं अगदी गुळगुळीत हवं.

दुसरी, बफवर भरपूर घासण्याची. ०.१ मिलिमीटरच्या भिंतीतून ०.०३ घासली गेली की जवळपास एक तृतीयांश भिंत गेली. धागा बांधायच्या फोर्सेप्सच्या जबड्याची कड बफने गोलावली, तर १०-० नायलॉनचा धागा त्यातून निसटतो, आणि तो धागा केसापेक्षाही बारीक असतो.

तिसरी सवय पॉलिशची पेस्ट आणि डाखाचा फ्लक्स 'धुतला की गेला' असं मानण्याची. दागिन्यावरून तो जातो. ०.२१ मिलिमीटरच्या पोकळीतून तो जात नाही. कॅडमियम असलेला डाख तर इथे अजिबात नको. टायटॅनियमला तुमच्या पद्धतीचा डाख लागतच नाही, तो आर्गॉन वायूत लेझरने जोडतात. त्याचा निळा रंगही मुलामा नसतो, ठरावीक व्होल्टेज देऊन पृष्ठभागावर आणलेला ऑक्साइडचा थर असतो.

रुग्णालयात नेमकं काय बिघडतं हे कळल्याशिवाय चांगला कारागीर होत नाही, म्हणून थोडं तेही. शस्त्रक्रियेनंतर कॅन्युला ट्रेमध्ये तशीच पडून राहिली, की आतलं जेल सुकतं. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, १२१ किंवा १३४ अंशांना जंतू मरतात, पण सुकलेलं जेल आणि साबणाचा अंश तिथेच राहतो. पुढच्या रुग्णाच्या डोळ्यात तो उतरला, की १२ ते ४८ तासांत डोळा लाल, कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा धुरकट. याला टॉक्सिक अँटेरियर सेगमेंट सिंड्रोम म्हणतात. जंतुसंसर्ग नसतानाही नजर धोक्यात येते. त्यामुळे कॅन्युला वापरल्या-वापरल्या डिस्टिल्ड पाण्याने आतून धुवायची आणि हवा मारून कोरडी करायची. सलाइनमध्ये भिजत ठेवायची नाही, कारण मिठाने स्टीलला बारीक खड्डे पडतात. फोर्सेप्सचं दुखणं वेगळं. टोकं जुळतात का हे बघायला लोक ती जोरात दाबतात, मग दांडी लवते आणि टोकं उघडतात. अलगद दाबल्यावर टोकं आधी टेकली पाहिजेत, मग जबडा मागेपर्यंत मिटत गेला पाहिजे. व्हॅनास कात्री ओल्या टिश्यू पेपरवर टोकापर्यंत कापते का, ते बघतात. कागद दुमडून पात्यांत अडकला तर कात्री दुरुस्तीला.

शिक्षणाचं बोलू. 'नेत्रशस्त्रक्रियेची अवजारं बनवणे' अशा नावाचा पदवी अभ्यासक्रम शोधत बसू नका. यंत्रकामाचं शिक्षण घ्यायचं आणि या क्षेत्रातल्या कारखान्यात शिकाऊ म्हणून शिरायचं, हा रस्ता. मुलीने बारावीला गणित घेतलं आहे, त्यामुळे मेकॅनिकल डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येईल. दोन वर्षांत डिप्लोमा, त्यानंतर राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेतून वर्षभराची अप्रेंटिसशिप. दुसरा पर्याय छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधला टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा. तो चार वर्षांचा आणि दहावीनंतरचा आहे, म्हणजे तिची दोन वर्षं मागे जातील, पण हाताने काम शिकायला माझ्या मते तोच सर्वांत भरीव. तिसरा आयटीआयचा दोन वर्षांचा टूल अँड डाय मेकर ट्रेड. घरची परिस्थिती लगेच कमवायची असेल तर हाही कमी नाही. मी तुमच्या जागी असतो तर थेट दुसऱ्या वर्षाचा डिप्लोमा निवडला असता.

ऑप्टोमेट्रीचं नाव कुणी सुचवलं तर नीट विचार करा. बी. ऑप्टोम चांगला कोर्स आहे, पण ते डोळे तपासण्याचं काम आहे, अवजारं बनवण्याचं नाही. देखभाल-दुरुस्तीकडे ओढा असेल तर मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं उपकरण-देखभालीचं प्रशिक्षण पाहावं. कृत्रिम भिंगं स्वस्तात बनवणारी ऑरोलॅब १९९२ मध्ये त्याच संस्थेतून उभी राहिली. जर्मनीत टुटलिंगेन हे शल्य-अवजारांचं जुनं गाव आहे, तिथे या कारागिरीची साडेतीन वर्षांची रीतसर अप्रेंटिसशिप असते. तो विचार जर्मन भाषा आल्यावर.

मुलीला बरं का, असं विचारलंत. सूक्ष्मदर्शकाखालचं काम बसून, स्वच्छ जागेत, बारीक लक्षाचं असतं. इथे ताकद नाही, नजर लागते. त्यामुळे प्रवेशाआधी नेत्रतज्ज्ञांकडून दोन्ही डोळ्यांची एकत्र नजर, म्हणजे खोली ओळखण्याची क्षमता, तपासून घ्या. ती कमी असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली जोडकाम कायम अवघड जातं, आणि ते आत्ताच कळलेलं बरं.

सुट्टीत घरी एक प्रयोग करू द्या. बाहेरून साधारण अर्ध्या मिलिमीटरची स्टीलची नळी आणि तिच्यात सैल जाईल अशी तार आणा. टोकापासून १० मिलिमीटरवर ४५ अंशांत वाकवलेल्या वीस नळ्या तिने बनवाव्यात, दहा तार घालून, दहा तशाच. प्रत्येक नळी २ मिलिलिटरच्या सिरिंजला घट्ट जोडून धार मारायची. धार सरळ जाते, फाकते की एका बाजूला वळते? वळली तर तोंडाला बर आहे. मग टोक कापसावरून अलगद ओढायचं, तंतू अडकला तर नग बाद. व्हर्नियरने लांबी मोजून वहीत प्रत्येक नगापुढे माप आणि बाद होण्याचं कारण लिहायचं. वीसपैकी पहिल्यांदा चार चांगल्या निघाल्या तरी हरकत नाही. वही तिने प्रामाणिकपणे भरली का, ते पाहा. कारखान्यात प्रत्येक लॉटची अशीच नोंद ठेवावी लागते.

स्वतःचा कारखाना काढायची वेळ येईल तेव्हा वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू होतील. उपकरणं धोक्याच्या प्रमाणात अ, ब, क, ड अशा चार वर्गांत मोडतात. पहिल्या दोन वर्गांचा उत्पादन परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं, पुढच्या दोन वर्गांचा केंद्रीय औषध नियंत्रण संघटना. निर्जंतुक करून पाकिटात विकायचं म्हटलं की स्वच्छ खोली, निर्जंतुकीकरणाची पडताळणी, आयएसओ १३४८५ या वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता-मानकाप्रमाणे कागदपत्रं हे सगळं येतं, आणि खर्च मशीनपेक्षा तिकडे जास्त होतो. म्हणून सुरुवात करायचीच झाली तर अवजारांच्या दुरुस्तीने करावी: फोर्सेप्सची टोकं जुळवणं, कात्र्यांना धार. कोल्हापूर-सांगलीकडच्या नेत्र रुग्णालयांत जाऊन त्यांची अवजारं दुरुस्तीला कुठे जातात, परत यायला किती दिवस लागतात, एवढं मुलीने डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी विचारून यावं.