भट्टी उतरतानाचं कोण लिहिणार?

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. झिर्कोनियाची (झिर्कोनियम ऑक्साइड या सिरॅमिकची) चकती तशीच ठेवून एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखण्याची चाचणी) काढला तर ३०.२ अंशांच्या कोनावर टेट्रागोनल रचनेचा पीक. तीच खलात घोटली की २८.२ आणि ३१.५ वर मोनोक्लिनिक या दुसऱ्या रचनेचे. यातला कुठला ग्राफ प्रबंधात घालू, असं विचारलंस. दोन्ही घाल. दोन्ही खरे आहेत. ३ मोल टक्के यिट्रियाच्या (मिसळलेल्या यिट्रियम ऑक्साइडच्या) आधाराने टेट्रागोनल रचना थंड झाल्यावरही तग धरते, पण घोटण्याचा ताण पडला की ढळून मोनोक्लिनिक होते. कण ४-५ टक्के फुगतो. हेच भेगेच्या टोकाशी घडलं की भेग दाबली जाते. गार्वी, हॅनिंक आणि पास्को यांनी १९७५ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवलेला चिवटपणा तो हाच.

पण ‘नमुना १४५० अंशांना भाजला’ एवढंच लिहिलंस? कितीच्या वेगाने तापवला? किती वेळ धरला? उतरवला कसा? शुद्ध झिर्कोनिया तापताना ११७० च्या सुमारास टेट्रागोनल होतो. उतरताना मात्र ९५० च्या आसपास परततो आणि फुगून तडकतो. १६०० ला रेंगाळलं की कण वाढतात, आणि मायक्रॉनच्या पुढे गेलेल्या कणाला तेवढा यिट्रिया आवरत नाही. नुसतं तापमान म्हणजे माहिती नव्हे. चढ, मुक्काम, उतार, तिन्ही लिही.

२००१ साली झिर्कोनियाचे खुब्याचे कृत्रिम गोळे रुग्णांच्या शरीरात फुटू लागले, माल परत मागवावा लागला. तपासात बोट भट्टीकडे गेलं: भाजण्याची पद्धत बदलली होती.

भट्टीची वही अर्धवट असेल तर मी नमुना एक्सआरडीला जाऊ देत नसे. हेकट म्हणाले लोक. काही हुशार मुलं कंटाळून दुसऱ्या गाइडकडे गेली, त्याची रुखरुख अजून आहे. पण नियम सैल करणं मला जमलं नसतं. वर्षांनंतर कुणी जुन्या नमुन्याबद्दल विचारलं तर उत्तर कुठून द्यायचं? आठवणीतून? चढ, मुक्काम, उतार. यात सूट नाही, तुलाही नाही.

आता घोटलेली पावडर १२०० अंशांना तासभर ठेव आणि पुन्हा मोज. मोनोक्लिनिक बरंचसं गेलं तर ती करामत खलाचीच. आणि भट्टी बंद केल्यावर दार किती अंशांना उघडलं, तेही पुढच्या पत्रात कळव.