भावाने धुरा कोरला, राग डोक्यातून जात नाही. बुद्धाच्या शिकवणीत यावर काही आहे का?

दादा, तुम्ही लिहिलंय की वाटणी झाल्यापासून थोरला भाऊ दरवर्षी वखरताना तुमच्या बाजूचा धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, थोडा थोडा कोरतो, बोलायला गेलं की शिव्या देतो आणि रात्रभर तेच डोक्यात फिरत राहतं. शिवाय विचारलंय, राग सोडायचा म्हणजे जमिनीवरही पाणी सोडायचं का?

नाही. जमीन अजिबात सोडू नका. हे आधी सांगतो, कारण बुद्धाचं ऐकायचं म्हणजे मुकाट सहन करायचं, असा समज आपल्याकडे गावोगाव आहे. ज्या बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात आमच्या आजोबांना धम्म दिला, तेच चवदार तळ्याच्या पाण्यासाठी 1927 पासून 1937 पर्यंत कोर्टात लढत होते. हक्काची लढाई लढायचीच आहे. फक्त ती डोकं पेटलेलं ठेवून लढायची नाही.

धम्मपदाच्या पहिल्याच वर्गात एक गाथा आहे: ‘अक्कोच्छि मं अवधि मं, अजिनि मं अहासि मे’. त्याने मला शिवी दिली, मारलं, हरवलं, माझं लुबाडलं. जो हे मनात धरून बसतो त्याचं वैर शमत नाही, असं पुढे म्हटलंय. रात्री तुमच्या डोक्यात जे फिरतं ते शब्दशः हेच आहे, नाही का? संयुत्तनिकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात दोन बाणांचं सुत्त, म्हणजे उपदेश, आहे. पहिला बाण दुसऱ्याने मारलेला, त्याचं दुखणं खरं. दुसरा बाण म्हणजे त्या दुखण्यावर आपण चढवलेला शोक, संताप. भावाने धुरा कोरला तो दिवसा, वखर चालत होता तेवढा वेळ. रात्री तो त्याच्या घरी झोपलेला असतो आणि जागे तुम्ही असता.

आता करायचं काय? डवरणीला गेलात आणि तो धुरा दिसला की शरीरात काय होतं ते बघा. विचार यायच्या आधीच कानशिलं तापतात, जबडा आवळतो, कासऱ्यावरची मूठ घट्ट होते. बैलालाही ते कळतं, तो बिचकतो. तेवढ्यावरच लक्ष ठेवा. भावाला मनातल्या मनात उत्तर देऊ नका आणि रागाला हाकलायलाही जाऊ नका. श्वास येतोय, जातोय, अंगातली गरमी वाढतेय, आता ओसरतेय, एवढंच बघत पिकाची ती ओळ पूर्ण करा. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात हेच नीट बसवून घेतात. फी नसते, जात-धर्म विचारत नाहीत. कापसाची वेचणी आटोपली की उन्हाळ्यात जमवा. मात्र पहिल्याच आठवड्यात राग जाईल अशी आशा धरू नका. आधी तो आलेला लवकर कळायला लागतो, आणि तोंडातून शब्द जायच्या आत कळला तर बरंच काही वाचतं.

आमच्याकडे वर्षावासात, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या काळात, आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, संध्याकाळी विहारात बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन चालतं. त्यात रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आहे. शाक्य आणि कोलीय, दोघांची शेती त्याच पाण्यावर. आधी कुणी पाणी घ्यायचं यावरून युद्धाची वेळ आली. तेव्हा सिद्धार्थ म्हणाला, दोन्हीकडून दोन-दोन माणसं निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निकाल द्यावा. शाक्यांच्या संघाने, म्हणजे त्यांच्या सभेने, ते मानलं नाही. बाबासाहेबांच्या मांडणीत सिद्धार्थाचा गृहत्याग इथूनच सुरू होतो. हे पान आलं की सतरंजीवरची कुजबूज बंद होते, कारण बसलेल्यांत कितीतरी जणांचे धुऱ्याचे तंटे असतात. वाचणाऱ्या काकू चष्मा सारखा करून ते पाच माणसांचं वाक्य पुन्हा वाचतात, कुणी सांगितलेलं नसतं तरी.

तेच करून बघा. निरोप तुम्ही स्वतः नेऊ नका, दोघांनाही ज्याचा मान आहे अशा मामांना किंवा आत्याला पाठवा. पाचवा माणूस असा बघा की ज्याचं वावर तुमच्या दोघांच्याही वावराला लागून नाही. भाऊ ऐकत नसेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. त्यालाही नोटीस जाईल, हद्दीच्या खुणा पक्क्या होतील आणि मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे मोजलेल्या हद्दीचा नकाशा, तुमच्या हातात राहील. वाटणी नुसती तोंडी असेल तर आधी ती कागदावर आणा. अर्ज करणं म्हणजे वैर करणं नव्हे, तो शांतपणेही करता येतो.

एक गोष्ट काळजीने विचारतो. झोप नाही, जेवण नाही, जीव नकोसा वाटतो, असं काही होतंय का? तसं असेल तर ध्यानावर विसंबू नका, आजच 14416 वर फोन करा. टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा फुकट आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. घरात वहिनींनाही हा नंबर देऊन ठेवा.

मोजणीचा अर्ज मात्र पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, निघायच्या सुमारास करा, म्हणजे मोजायला येतील तेव्हा वावर मोकळं असेल.