दोन शाळांच्या मैदानांवर जिल्हास्तरीय शालेय बास्केटबॉल: सामने कुठे ठेवावेत?

मॅडम, आपला प्रश्न थोडक्यात असा, की 17 वर्षांखालील जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेचे यजमानपद आपल्या शाळेकडे आले आहे, मुलांचे 16 आणि मुलींचे 10 संघ आहेत, आपले आणि शेजारच्या शाळेचे अशी दोन उघडी, कोब्याची मैदाने हाताशी आहेत, आणि कोणते सामने कुठे खेळवावेत याचा निर्णय होत नाही. क्रीडाशिक्षक आणि पंच म्हणून अशा बऱ्याच स्पर्धांत उभा राहिल्यामुळे आग्रहाने सांगतो, की मंडप, व्यासपीठ आणि बसण्याची सोय पाहून मैदान निवडू नये. जमीन आणि बोर्डामागची जागा पाहून निवडावे.

त्यासाठी 50 मीटरची टेप घेऊन दोन्ही मैदाने स्वतः मोजावीत. मैदान 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद असावे, हे सर्वांना ठाऊक असते. पण दोन्ही कर्ण मोजायचे राहून जाते. मैदान काटकोनात आखलेले असेल तर प्रत्येक कर्ण 31.76 मीटर भरतो. अनेक शाळांमध्ये 2010 पूर्वीची आखणी अजून तशीच आहे, म्हणजे तीन गुणांची रेषा 6.75 ऐवजी 6.25 मीटरवर आणि ‘डी’, म्हणजे रिंगसमोरचा आखलेला भाग, आयताकृती नसून खाली रुंद होत गेलेला. एका मैदानावर जुनी आणि दुसऱ्यावर नवी आखणी असेल, तर पहिल्या दिवशी एकीकडे खेळलेला संघ दुसऱ्या दिवशी दुसरीकडे आल्यावर त्याचे लांबून मारायचे सगळे अंदाज चुकतात. रंगाचा एक डबा आणि एक रविवार खर्च करून हे आधीच दुरुस्त करता येते.

रिंगची उंची 3.05 मीटर असते. ती पुढच्या कडेला आणि बोर्डालगत अशी दोन ठिकाणी मोजावी, कारण मुले लोंबकळून रिंग पुढे झुकलेली असते. एका शाळेत कोब्यावर नवा थर दिला होता, पण बोर्ड वर उचलायचे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. दोन्ही रिंग जवळपास 5 सेंटीमीटर खाली होत्या, आणि हे आम्हाला तिसरा सामना संपल्यावर कळले. त्या तीन सामन्यांत हरलेल्या मुलांना काय सांगावे, हे त्या दिवशी मला सुचले नाही.

बोर्डाचा खांब एंडलाइनपासून, म्हणजे रिंगमागच्या शेवटच्या रेषेपासून, निदान 2 मीटर मागे हवा. शाळांमध्ये तो बहुधा जवळ असतो आणि उघडा लोखंडी पाइप असतो, तर कधी एंडलाइनमागे लगेच कुंपणाची भिंत येते. ले-अप मारून, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून चेंडू टाकून, वेगात बाहेर जाणारे मूल थांबणार कुठे, हा प्रश्न प्रत्येक रिंगखाली उभे राहून स्वतःला विचारावा. खांब हलवता येत नसेल, तर जिम्नॅस्टिक्सच्या जुन्या गाद्या त्याला जमिनीपासून 2.15 मीटरपर्यंत दोरीने घट्ट बांधाव्यात. भिंत अगदी जवळ असेल, तर ते मैदान फक्त सरावासाठी ठेवावे.

आता पावसाविषयी, कारण आपल्याकडे शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे येतात. पाणी साचलेले दिसते म्हणून ते कोणीही काढतो. शेवाळ मात्र दिसत नाही. इमारतीच्या किंवा झाडाच्या सावलीतला कोपरा कोरडा दिसतो, थोडासा काळसर असतो, आणि त्यावरून बुटाचा तळवा घासला तर साबणावरून गेल्यासारखा सरकतो. अशाच कोपऱ्यात वळताना घसरलेली एक मुलगी मी पाहिली आहे. तिचा घोटा महिनाभर प्लास्टरमध्ये होता. स्पर्धेच्या चार दिवस आधी ब्लीचिंग पावडर टाकून कडक खराट्याने घासावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि आदल्या दिवशी पुन्हा बुटाने तपासावे. ओल टिपण्यासाठी वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, ती कृपया टाळावी; रेषा झाकल्या जातात आणि कोरडी वाळू ओल्या कोब्याइतकीच घसरते. रबरी वायपर, गोणपाट आणि ते वापरणारी चार मुले प्रत्येक मैदानावर हवीत.

सामन्यांची वाटणी त्यानंतर सोपी आहे. बाद पद्धतीत मुलांचे 15 आणि मुलींचे 9, असे 24 सामने होतात. मुलींच्या 6 संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते. दहा मिनिटांचे चार डाव, मध्यंतर आणि सराव धरून एका सामन्याला दीड तास ठेवावा. पहिल्या दिवशी 10 सामने, प्रत्येक मैदानावर 5. सकाळी साडेआठला सुरुवात केली तर चारपर्यंत संपतात. दुसऱ्या दिवशी उपांत्यपूर्व फेरीचे 8, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मैदानांवर उपांत्य सामने व दुपारी चांगल्या मैदानावर दोन्ही अंतिम सामने. एक राखीव दिवस परिपत्रकातच लिहावा, म्हणजे पाऊस आल्यावर बाहेरगावच्या संघांशी वाद होत नाहीत.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसेन. चांगले मैदान मुलांना आणि दुसरे मुलींना, अशी वाटणी सोयीची म्हणून सर्रास केली जाते, आणि मुली वर्षानुवर्षे खड्ड्यांच्या मैदानावर खेळतात. दोन्ही मैदानांवर दोन्ही गटांचे सामने ठेवावेत. चेंडू मुलांसाठी 7 नंबरचा आणि मुलींसाठी 6 नंबरचा लागतो, तेव्हा दोन्ही आकारांचे चेंडू दोन्ही टेबलांवर असले पाहिजेत. शेजारच्या शाळेत मुलींना कपडे बदलण्यासाठी एक वर्गखोली आणि पाणी येत असलेले स्वच्छतागृह मिळेल, हे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्यावे. त्या खोलीची किल्ली तिन्ही दिवस एका शिक्षिकेकडेच राहू द्यावी आणि त्यांचे नाव सकाळीच सर्व संघांच्या व्यवस्थापकांना सांगावे.