आयुष्यभर घर सांभाळलेल्या, समाजकार्य केलेल्या आईबद्दल काय लिहावं?

तुमच्या आई ९२व्या वर्षी गेल्या. नोकरी नाही, पद नाही; घर आणि लोकांची कामं यांतच त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्यावर लेख लिहायला बसलात, पण ‘प्रेमळ, कष्टाळू’च्या पुढे शब्द सरकत नाहीत, कारण ‘लिहिण्यासारखं काही घडलंच नाही’, असं तुम्ही विचारताना म्हटलंय.

माझी आईही अशीच होती. ती गेल्यावर मी जे लिहिलं त्यात ‘सोशिक’ हा शब्द तीनदा आला होता. स्मृतिसभा संपल्यावर एक अनोळखी बाई थांबल्या होत्या. त्यांची नजर गेल्यापासून आई दर गुरुवारी त्यांच्याकडे जाऊन दोन तास पुस्तक वाचून दाखवायची. अकरा वर्षं. आम्हाला घरात एवढंच ठाऊक होतं, की गुरुवारी दुपारी आई ‘जरा जाऊन येते’ म्हणते. माझ्या लेखात त्या अकरा वर्षांबद्दल एक अक्षर नव्हतं. ते मला अजून लागतं, म्हणून तुम्हाला सविस्तर लिहितेय.

विशेषणं बाजूला ठेवा, कामं लिहून काढा. मार्गारेट रीड या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९३४ साली घरकामासाठी एक साधी कसोटी मांडली होती: जे पैसे मोजून दुसऱ्याकडून करून घेता आलं असतं, ते काम. ती कसोटी लावून मी आईचा एक साधा मंगळवार लिहायला घेतला. स्वयंपाक, धुणं, आजोबांचं औषधपाणी, आमचा अभ्यास, उसवलेलं शिवणं, बिलं भरणं... पान संपलं तेव्हा जेमतेम दुपार झाली होती. शिवाय कुणाची कुठली गोळी बंद झाली, कुणाचा कुणाशी अबोला आहे, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. त्यासाठी कुणी माणूस ठेवता येत नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८च्या अहवालात ६४ देशांच्या माहितीवरून काढलेला अंदाज आहे: घरकाम आणि माणसांची देखभाल यांवर रोज १,६४० कोटी तास बिनपगारी खर्च होतात, आणि त्यांतले तीन चतुर्थांशांहून जास्त बायकांचे असतात. स्वतःच्या घरातली ही सेवा राष्ट्रीय उत्पन्नात मात्र धरत नाहीत. जे मोजलं जात नाही त्याचा कागद होत नाही, आणि कागद नसला की मुलांनाही वाटतं काही घडलंच नाही. घरचं काम आणि स्वयंसेवा दोन्ही ‘काम’च, अशी व्याख्या जगभरच्या श्रम-सांख्यिकी तज्ज्ञांच्या परिषदेने २०१३ साली मान्य केली. माझ्या आईने तेव्हा ऐंशी ओलांडली होती.

कागद अगदीच नसतात असंही नाही. हिशेबाच्या वह्या, जुन्या दिनदर्शिकांवरच्या खुणा, फोन नंबरांची डायरी, पुस्तकांत राहिलेल्या पावत्या बघा. तुमच्या आई ज्या संस्थेत जायच्या तिथल्या बैठकांची इतिवृत्तं मागून बघा, आणि नाव शोधू नका, अक्षर शोधा. माझ्या आईचं नाव तिच्या संस्थेच्या कार्यकारिणीत कधीच नव्हतं. पण सलग नऊ वर्षांची इतिवृत्तं तिच्या वळणदार अक्षरात आहेत; खाली सही चिटणीसांची. त्या वह्या चाळताना मी किती वेळ तिथे बसून होते, ते आठवत नाही.

आणि त्यांच्या वयाची जी माणसं हयात आहेत त्यांना आधी गाठा, याच आठवड्यात. उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी तुलनेने जास्त येतात, हे मानसशास्त्रात पुन्हा पुन्हा दिसलंय. आईच्या आयुष्याचा नेमका तोच काळ मुलांनी पाहिलेला नसतो. ‘ती कशी होती?’ असं विचाराल तर परत विशेषणंच हाती येतील. ‘तुम्ही दोघी कशावरून भांडायचात?’ असं विचारा.

माझ्या मावशीला मी हेच विचारलं. तेव्हा कळलं, की आईला पुढे शिकायचं होतं, त्यावरून घरात महिनाभर वाद झाला होता आणि ती हरली होती. हे लिहावं का, यावर आम्हा भावंडांत एकमत होईना. मी लिहिलं. ‘त्यागमूर्ती’ म्हटलं की कुणी काय नाकारलं होतं ते झाकलं जातं, आणि मला ते झाकायचं नव्हतं. तुमच्या आईंनी हे आयुष्य आपखुशीने निवडलं असेल तर तेही तितकंच स्पष्ट लिहा.

लेख दोन पानांचा झाला तरी पुरे. फक्त त्यांचं लग्नाआधीचं पूर्ण नाव पहिल्याच परिच्छेदात घ्या. त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणी त्यांना त्याच नावाने ओळखत असतील.