अणुवीज केंद्रातल्या ऑपरेटरांची फेरपरीक्षा म्हणजे नुरा कुस्ती असते का?

प्रश्न गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या एका वाचकाचा आहे. त्यांचा मावसभाऊ अणुवीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये आहे. परवाना मिळून आठ वर्षं झाली तरी तो सारखा ट्रेनिंगला जातो, परीक्षा देतो. ते विचारतात: "शिकवणारे त्यांचेच, पेपर काढणारे त्यांचेच, पास करणारेही त्यांचेच. मग ही नुरा कुस्तीच की! बाहेरचं कोणी बघतं का?"

नुरा होऊ शकते. मी स्वतः एकदा केली आहे, ते पुढं सांगतो.

माझी नोकरी अणुवीज केंद्रात गेली. निम्मी कंट्रोल रूममध्ये, निम्मी सिम्युलेटरवर, म्हणजे कंट्रोल रूमच्या सरावासाठी केलेल्या नकलेवर, शिकवण्यात. आता राजारामपुरीत असतो, सकाळी रंकाळ्याला फेरी मारतो. केंद्राचं नाव विचारू नका.

आधी "सारखं का शिकायचं" ते बघू. तुमच्या फाउंड्रीत रोज हीट निघते, रोज ओतकाम होतं, त्यामुळं हात तयार राहतो. आमच्याकडं उलटं आहे. आमची भट्टी, म्हणजे अणुभट्टी, जितकी नीट चालेल तितका ऑपरेटरचा हात गंजतो. कर्नाटकातल्या कैगा अणुवीज केंद्राचं पहिलं युनिट ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस चाललं, तो तेव्हाचा जागतिक विक्रम. कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण प्रशिक्षकाच्या नजरेनं बघा. अडीच वर्षांहून जास्त काळ त्या युनिटवर कुणालाही भट्टी बंद स्थितीतून वर आणायची वेळ आली नाही. तो सराव मिळणार कुठं? सिम्युलेटरवरच.

कुणी म्हणेल, सगळं आपोआप होतं ना? राधानगरीचे दरवाजे जसे पाणी चढलं की आपले आपण उघडतात, तशा भट्टी आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणा असतात, हे खरं. पण धरणाचं पाणी सुटलं की काम झालं. भट्टीचं तसं नाही. बंद झाल्या क्षणीही तिच्यातून पूर्ण शक्तीच्या ६-७ टक्के उष्णता निघतच राहते. ती पुढं कमी कमी होत जाते, पण तास, दिवस पाणी फिरवत राहावं लागतं. तिथून पुढची कसोटी माणसाची.

उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात ३१ मार्च १९९३ च्या पहाटे हेच झालं. टर्बाइनची पाती तुटली, जनरेटरमधला हायड्रोजन पेटला, आग केबलमधून पसरली आणि वीज गेली ती तब्बल १७ तास. कंट्रोल रूममध्ये धूर शिरला, माणसांना बाहेर पडावं लागलं. भट्टी आपोआप नव्हे तर ऑपरेटरनं हातानं बंद केली होती. मग काही जण बॅटरीच्या उजेडात इमारतीच्या वरच्या मजल्यावर चढले आणि हातानं व्हॉल्व्ह उघडून बोरॉनचं द्रावण भट्टीत सोडलं, म्हणजे ती पुन्हा जागी होणार नाही. डिझेलवरचे आगीचे पंप चालू करून त्यांचं पाणी बॉयलरना दिलं. माझ्या वर्गात मी हा प्रसंग दरवर्षी शिकवायचो आणि दरवर्षी एकच प्रश्न विचारायचो: तो व्हॉल्व्ह कुठं आहे, अंधारात तिथं जायची वाट कुठली? नकाशावर नव्हे, चालत जाऊन दाखवा.

दुसरी बाजू अशी की चुकीचं शिकवलेलं न शिकवण्यापेक्षा वाईट. २८ मार्च १९७९, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड. दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडा अडकला आणि पाणी वाहून जायला लागलं. पॅनेलवरचा दिवा व्हॉल्व्ह बंद झाला का ते दाखवत नव्हता, बंद होण्याचा हुकूम गेला एवढंच दाखवत होता. प्रेशरायझर, म्हणजे भट्टीतल्या पाण्याचा दाब राखणारी टाकी, तिच्यातली पातळी मात्र चढताना दिसत होती. प्रेशरायझर काठोकाठ भरू द्यायचा नाही हे त्या ऑपरेटरांच्या मनावर इतकं बिंबवलं होतं की त्यांनी आपत्कालीन पंपांचं पाणीच कमी केलं. भट्टीतला इंधनाचा गाभा जवळपास निम्मा वितळला. आणि दीड वर्ष आधी, २४ सप्टेंबर १९७७ ला, ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात तसाच व्हॉल्व्ह तसाच अडकला होता! तिथंही पाणी असंच कमी केलं गेलं. भट्टी तेव्हा जेमतेम ९ टक्के शक्तीवर होती म्हणून निभावलं. तो धडा थ्री माइल आयलंडच्या वर्गात पोचला नाही. म्हणून आजही बाहेरून तपासायला येणारा चांगला निरीक्षक आल्या आल्या एक गोष्ट मागतो: गेल्या वर्षात इथं आणि इतरत्र काय काय बिघडलं, आणि त्यातलं तुमच्या धड्यांत कुठं आहे ते दाखवा.

आता "बाहेरचं कोण". आपल्याकडं अणुऊर्जा नियामक परिषद, म्हणजे एईआरबी. १९८३ साली स्थापन झाली, कार्यालय मुंबईत अणुशक्तिनगरला. केंद्र चालवणारी कंपनी वेगळी, परवान्यावर नजर ठेवणारी ही वेगळी. शिफ्ट चार्ज इंजिनिअर, कंट्रोल इंजिनिअर अशा पदांवरच्या माणसाचा परवाना ३ वर्षांचा असतो, पुढं नव्यानं पात्रता सिद्ध करावी लागते. तुमच्या भावाच्या फेऱ्या त्यासाठीच. परिषद किती स्वतंत्र आहे हा वाद मात्र जुना आहे. २०१२ मध्ये कॅगनं तिच्या कायदेशीर स्वायत्ततेवरच बोट ठेवलं होतं. तुमचा संशय अगदीच हवेतला नाही.

अमेरिकेची पद्धत सांगतो, कारण तिथले नियम उघड छापलेले आहेत आणि तुमच्या प्रश्नाला तिथं थेट उत्तर मिळतं. तिथं परवाना ६ वर्षांचा असतो. पुनर्प्रशिक्षणाचं चक्र २४ महिन्यांचं, त्यात दरवर्षी प्रात्यक्षिक आणि चक्रात एकदा मोठी लेखी परीक्षा, पास व्हायला ८० टक्के. पूर्वी परवान्याच्या मुदतीत एकदा सरकारी परीक्षकासमोर फेरपरीक्षा द्यावी लागायची. १९९४ मध्ये ती अट काढली. तेव्हापासून परीक्षा अणुवीज केंद्र स्वतःच घेतं आणि सरकारी निरीक्षक त्या परीक्षेची परीक्षा घेतो. म्हणजे तुमची तक्रार आहे ती व्यवस्था तिथं जाणूनबुजून केलेली आहे! त्यामागचं कारण मला पटतं. वर्षातून एकदा बाहेरचा माणूस येऊन पास-नापास करून गेला तर प्रशिक्षकाची जबाबदारी संपते. प्रशिक्षकालाच तपासलं तर त्याला वर्षभर जागं राहावं लागतं.

निकालाकडं निरीक्षक उलट्या नजरेनं बघतो. तिथल्या निकषांत २० टक्क्यांहून जास्त ऑपरेटर नापास झाले तर तो ऑपरेटरांचा नव्हे, कार्यक्रमाचा दोष धरतात. आणि सगळे पास झाले तर? तो दोष नाही, पण मग पेपर उघडले जातात. प्रश्न सोपे होते का? गेल्या आठवड्यातल्या गटाला आलेलेच प्रश्न या आठवड्यातल्या गटाला किती आले? सगळे ऑपरेटर एकाच दिवशी परीक्षेला बसू शकत नाहीत, कारण केंद्र कुणीतरी चालवायला हवं, त्यामुळं परीक्षा पाच-सहा आठवडे चालते. कँटीन एकच, कॉलनी एकच. तालमीत रोज त्याच जोडीशी लढणारा मल्ल पुढचा डाव आधीच ओळखतो, तसं होऊन बसतं.

इथली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. सिम्युलेटरवर आपत्कालीन कार्यपद्धतीची पुस्तकं असतात आणि ऑपरेटर पायरी झाली की पेन्सिलीनं टिक करत जातो. सकाळचा गट गेला आणि टिका पुसल्या नाहीत तर दुपारच्या गटाला पान उघडताच कळतं की आज कुठला बिघाड येणार. आलेख काढणाऱ्या रेकॉर्डरवरची रेघही तेच सांगते. मुरलेला निरीक्षक दोन गटांच्या मधल्या वेळेत, सगळे चहाला गेले की, ही पुस्तकं चाळतो. मी त्याच्या आधी चाळायचो.

नापास झालेल्याचं काय झालं हे बघायला निरीक्षक प्रशिक्षण विभागात बसतच नाही. निकालाची फाइल एका हातात, शिफ्टचं लॉगबुक दुसऱ्या हातात. अमुक तारखेला हा माणूस नापास. त्याला ड्यूटीवरून काढलं का, पुन्हा शिकवलं का, पुन्हा परीक्षा घेतली का, आणि हे सगळं होण्याआधी लॉगबुकात पॅनेलवर त्याची सही आहे का? असली तर पुढं बोलायला काही उरत नाही. तीच गोष्ट परवाना जिता ठेवण्याची. अमेरिकेत दर तिमाहीला आठ तासांच्या किमान ७ किंवा बारा तासांच्या ५ पाळ्या प्रत्यक्ष कराव्या लागतात. त्या चुकल्या तर परतताना ४० तास दुसऱ्याच्या देखरेखीखाली. ऑफिसात बढती मिळालेले साहेब लोक इथंच सापडतात. वैद्यकीय तपासणीचे कागदही बघतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सिम्युलेटर खऱ्या कंट्रोल रूमशी जुळतो का, हे वेगळं प्रकरण. खऱ्या केंद्रात पंप बदलला, सिम्युलेटरवर जुनाच राहिला, तर ऑपरेटर वर्षभर जुन्या पंपाचीच सवय लावून घेतो.

आता माझी नुरा.

सिम्युलेटरवर प्रात्यक्षिक चालू होतं. गटाचा म्होरक्या माझ्याहून सिनिअर, एकाच कॉलनीतले आम्ही, त्यांच्या मुलीच्या लग्नात मी वाढपी होतो. बिघाड मीच लिहिलेला: आधी एक मोजमाप खोटं दाखवायला लागतं, मग बॉयलरना पाणी देणारा एक फीड पंप पडतो, मग गळती. गटानं भट्टी सांभाळली, महत्त्वाच्या सगळ्या पायऱ्या वेळेत केल्या. पण मधे म्होरक्यानं पॅनेलकडं पाठ असताना सांगितलं, "दोन नंबर चालू कर." पॅनेलवरच्या पोरानं हुकूम मोठ्यानं परत म्हटला नाही आणि एक नंबरचं बटन दाबलं. चाळीसेक सेकंदांत लक्षात आलं, सुधारलं. शेवटच्या चर्चेत मी त्यावर बोललो नाही. शेऱ्यात लिहिलं, "आपापसातला संवाद समाधानकारक."

मागं भिंतीला टेकून एक निरीक्षक बसले होते. पूर्ण वेळात एक शब्द बोलले नव्हते. सगळे गेल्यावर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, पंप एक की दोन?"

मी म्हटलं, लगेच सुधारलं त्यांनी.

"ते मी लिहिलंय. तुम्ही लिहिलेलं नाही." मग त्यांनी गेल्या दोन वर्षांचे माझे सगळे शेरे मागवले. टेबलावर ओळीनं मांडले. प्रत्येक गटाला तेच तीन शब्द, माझ्याच अक्षरात. ऑपरेटरच्या चुकीबद्दल त्यांच्या अहवालात एक ओळसुद्धा नव्हती. मूल्यमापन करणारा माणूस दिसलेली चूक नोंदवत नाही, असा शेरा होता, आणि तो माझ्यावर होता. निरीक्षक सिम्युलेटरवर बसतो तो गटाला बघायला नव्हे. त्यानं जे पाहिलं ते प्रशिक्षकानं पाहिलं का, आणि पाहिलं तर तोंडावर सांगितलं का, एवढंच त्याला ताडून बघायचं असतं.

मला वाटलं होतं म्होरक्या रागावतील. ते संध्याकाळी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "तू बोलायला हवं होतंस. त्या पोराला वाटतंय काही चुकलंच नाही." पुढच्या आठवड्यात तोच गट पुन्हा उभा केला. या वेळी प्रत्येक हुकूम मोठ्यानं परत म्हटला गेला, इतका की सिम्युलेटर तालमीसारखा घुमत होता.

तेव्हा तुमच्या भावाच्या केंद्रात काय चालतं ते मी इथं बसून सांगू शकत नाही, पण तुम्ही त्याला विचारू शकता. "पास झालास का" असं नका विचारू. गेल्या खेपेला प्रशिक्षकानं तुझं काय चुकलं म्हणून सांगितलं, ते विचारा. जरा वैतागून दोन-तीन गोष्टी पटापट सांगितल्या तर तिथं कुस्ती खरी चालली आहे. "सगळं मस्त झालं" म्हणाला, तर पुढच्या वेळी परत विचारा.