हात गुलाबी झाले, पण पैसे मागितले का?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक आहे. काही वर्षांपूर्वी लाचलुचपतवाल्यांनी मला सापळ्यात पंच म्हणून नेलं. आरोपीचे हात बुडवल्यावर द्रावण गुलाबी झालं, ते मी पाहिलं. पण मी दाराशी होतो, ‘आणलंय का?’ एवढंच ऐकू आलं. पंचनाम्यात मात्र ‘पाच हजारांची मागणी केली’ असं आहे आणि खाली माझी सही. आता साक्षीचं समन्स आलंय. काय सांगू?

उत्तर : जे ऐकलंत तेच, त्याच शब्दांत.

नोटांना लावतात ती फिनॉल्फ्थॅलीनची पावडर पांढरी असते, साध्या पाण्यात रंग देत नाही. सोडियम कार्बोनेटच्या अल्कधर्मी द्रावणात, पीएच साधारण ८.२ च्या वर असला की गुलाबी होते. म्हणजे हाताला पावडर लागली होती, एवढंच कळलं. नोटा घेताना लागली की तक्रारदाराने मुद्दाम हात मिळवला तेव्हा, हे बाटलीतलं पाणी कसं सांगणार? मागणी सिद्ध झाल्याशिवाय नुसत्या नोटा सापडून भागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बी. जयराज खटल्यात म्हटलं. २०२२ मध्ये नीरज दत्ता प्रकरणात घटनापीठानेही मागणीचा पुरावा आवश्यकच मानला; मात्र तो परिस्थितीजन्य असला तरी चालेल, हेही स्पष्ट केलं. त्यामुळे तुम्ही खरं बोललात म्हणून केस पडेलच असं नाही. ‘आणलंय का?’ ही मागणी होते का, ते न्यायाधीश बघतील.

साक्षीआधी सरकारी वकिलांना भेटा, पंचनामा नीट वाचा आणि तुमची अडचण त्यांना स्पष्ट सांगा. सही नाकारू नका. ‘सही माझी, पण हे वाक्य मी ऐकलेलं नाही’ असं म्हणता येतं. फार तर तुम्हाला फितूर ठरवून सरकारी वकीलच तुमची उलटतपासणी घेतील. ती शिक्षा नव्हे. शिक्षा खोट्या साक्षीला आहे, सात वर्षांपर्यंत. आणि आरोपी ओळखीचा निघाला म्हणून गुलाबी रंगही ‘पाहिला नाही’ म्हणालात, तर तेही खोटंच.

बचावाचे वकील विचारतील : पावडर लावणारा माणूस सापळ्यात बरोबर होता का? तुमचे हात आधी तपासले होते का? बाटल्यांना सील तुमच्यासमोर लागलं का? आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा, अंदाज नको. बाटली दाखवली आणि रंग उडालेला दिसला तरी गडबडू नका. अल्कधर्मी द्रावणात तो कालांतराने फिका पडतो. त्या दिवशी काय दिसलं, तेवढंच तुम्हाला सांगायचंय.