जेवणानंतरचे तीन डाव

‘मॅडम, रात्रीचं जेवण झालं की जो तो आपल्या खोलीत. घरात कुणी बोलतच नाही.’ हे इतके आईवडील सांगतात, की त्यातल्या एका घराबद्दल ओळख बदलून लिहिते.

आई, बाबा आणि दहावीतला मुलगा. ‘जेवणानंतर अर्धा तास गप्पा’ असा बाबांचा नियम. ‘दोन मिनिटांत भांडण होतं,’ ते म्हणाले. मुलगा म्हणाला, ‘बाबा गप्पा मारत नाहीत, चौकशी करतात.’

समोर बसवून विचारलं की या वयाची मुलं मिटतात, हे मी ठामपणे मानते. हाताला काम हवं आणि नजरेला दुसरीकडे जागा हवी. तिघंच होते, म्हणून पत्त्यांचा पाच-तीन-दोन सुचवला: एकाने पाच हात करायचे, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने दोन. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची 28 पानं, वर इस्पिक-बदामच्या सत्त्या, प्रत्येकी 10. पाच हात करायचे तो पहिली पाच पानं बघून हुकूम बोलतो. डाव तीनच खेळायचे, म्हणजे पाचाची पाळी प्रत्येकावर एकदा येते आणि घरातला हुकूम रोज मुलाकडेही जातो.

त्याआधी तिघांनी मिळून झाकपाक, नाहीतर दोघं खेळतात आणि आई ओटाच पुसत राहते. फोन दुसऱ्या खोलीत. मोठ्यांनी अभ्यासाचा विषय काढायचा नाही. मुद्दाम हरायचंही नाही. मुलांना ते लगेच कळतं आणि अपमान वाटतो.

शेवटच्या डावात कुणाचे हात कमी पडले, ते कागदावर लिहून ओढाओढ, म्हणजे जास्त हात झालेल्याने कमी पडलेल्याची पानं न बघता ओढणं, उद्यावर ठेवायला सांगितलं. उद्या बसायला कारण उरतं. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

एका रात्री बाबांचे दोन हात कमी पडले, मुलाचे दोन जास्त झाले. दुसऱ्या दिवशी त्याने न बघता ओढलेलं पहिलंच पान हुकमाचा एक्का! बाबांनी कपाळावर हात मारला, मुलगा खदखदून हसला. पुढच्या डावासाठी पानं पिसता पिसता, वर न बघता म्हणाला, ‘क्लासमध्ये मला गणित कळतच नाहीये.’

बाबांच्या ओठांवर प्रश्न आला होता. त्यांनी तो गिळला आणि म्हणाले, ‘हं. वाट.’

तो डाव संपल्यावर मुलाने उरलेलं आपणहून सांगितलं: फी भरलेली, म्हणून इतके महिने गप्प होता. तो ‘हं’ बाबांना किती जड गेला असेल, याची मला कल्पना आहे.

घरात आजी किंवा आजोबा असतील तर चौघांना बदाम सात बरं: प्रत्येकी 13 पानं, बदामची सत्ती ज्याच्याकडे त्याची उतारी. नजर अधू असेल तर मोठ्या आकड्यांचे पत्ते आणा.